अडतीस नंबरची जास्तीची फेरी

मी, ओझेला मेब्री स्टार्न्स, कै. हार्लन स्टार्न्स यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार ब्रशी फोर्क, हार्नेल काउंटी, नॉर्थ कॅरोलायना, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याबरोबर पत्त्यांचा एक डाव खेळून पाहावा. मला कोणी फूस लावलेली नाही, की धाक घातलेला नाही. हार्लन जिवंत असताना आम्ही केलेली दोन मृत्युपत्रे मी या लिखाणाने रद्द करते.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, तोवर शांत बसून राहा. शांत बसणे मला गेल्या बावन्न वर्षांत जमलेले नाही. हेसुद्धा मी दोन ओळी लिहायच्या, उठायचे, अंगणाला एक चक्कर मारायची, परत येऊन दोन ओळी लिहायच्या, असे लिहीत आहे. अक्षर वेडेवाकडे दिसेल त्याचे कारण हे. हात कापतो म्हणून नव्हे.

वकील मिस्टर काँबी यांनी बजावले आहे की कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहा, का ते लिहू नका. मी प्रयत्न करून पाहिला. 'का' गाळले की मला पुढचे लिहिता येत नाही.

कलम १. राहते घर आणि त्याखालची जमीन माझा मुलगा रँडल आणि मुलगी लीटा यांना समसमान. रँडलला त्याचा भाग विकायचा झाल्यास त्याने आधी लीटाला विचारावे. विचारणे म्हणजे सांगून मोकळे होणे नव्हे, हे त्याला त्याच्या बायकोनेही वीस वर्षे समजावून पाहिले आहे.

कलम २. घरामागचे वर्कशॉप, त्यातली वेल्डिंगची सगळी सामग्री, लेथ, दोन्ही इंजिन-स्टँड आणि भिंतीवरची हत्यारे एकट्या लीटाला.

हे वर्कशॉप मुळात माझ्या सासऱ्यांचे कोंबड्यांचे खुराडे. एकोणीसशे चौसष्ट साली हार्लन आणि त्याचा भाऊ डॉइल यांनी त्यातल्या कोंबड्या हाकलल्या आणि भंगारातून आणलेली एक फोर्ड आत ढकलली. सासरे दारात उभे राहून म्हणाले, "कोंबडी निदान अंडं तरी देते." पुढे कित्येक वर्षे वासे हलले की वरून पिसे पडायची. रंग ओला असताना पडली तर गाडीला चिकटायची. आमच्या पहिल्या तीन गाड्यांच्या छतावर पिसांचे ठसे होते आणि ट्रॅकवर पोरे आम्हाला 'कोंबडीवाले' म्हणायची. हार्लन गाडी चालवायचा, डॉइल इंजिन बघायचा, आणि तिसरा माणूस थर्मन गॅडी, वेल्डिंगवाला. थर्मन नात्याचा नव्हता, पण पाच वर्षे तो आमच्या ताटात जेवला.

लीटा आज जी वेल्डिंग करते ती पाहून थर्मनची आठवण येते. हे मी तिला कधी सांगितले नाही. आता लिहून ठेवते.

कलम ३. अडतीस हा नंबर, त्याचा निळा रंग, 'स्टार्न्स ब्रदर्स' हे नाव, शर्यतीची गाडी आणि ती वाहून नेणारा ट्रक रँडलला. म्हणजे गाडी एकाची आणि तिच्यावरचे छप्पर दुसरीचे. हे मी चुकून केलेले नाही. दोघांना रोज एकमेकांशी बोलावे लागेल, एवढाच हेतू आहे.

कलम ४. माझे दीर डॉइल स्टार्न्स, वय चौऱ्याऐंशी, यांना हार्लनची मागे रेलणारी खुर्ची. तिच्यात मी कधी बसले नाही, त्यामुळे ती नव्यासारखी आहे. तसेच एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या चर्चच्या जेवणात माझ्या केळ्याच्या पुडिंगला त्यांनी 'पातळ' म्हटले होते, त्याबद्दल मी त्यांना माफ करते. ते खरेच पातळ होते.

कलम ५. बँकेत जे असेल त्यातून मला साधेपणाने पुरावे. उरेल ते बाप्टिस्ट चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावे. तिथली शेगडी बदलायला झाली आहे.

कलम ६. दिवाणखान्यातल्या कपाटातला चांदीचा मोठा कप, ज्यावर ब्रशी फोर्क स्पीडवे, तीनशे फेऱ्या, विजेता हार्लन स्टार्न्स, दहा ऑक्टोबर एकोणीसशे एकाहत्तर असे कोरले आहे, तो श्रीमती नोलिया गॅडी प्रुइट यांना. त्या थर्मन गॅडीच्या धाकट्या बहीण.

मिस्टर काँबी इथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढणार. म्हणून सांगते.

एकोणसत्तर साली थर्मनचे आणि हार्लनचे बिनसले. दोघांनाही गाडी चालवायची होती आणि गाडी एकच होती. जाताना थर्मन अंगणात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "हार्लन, तुला गाडी हाकता येते. जिंकता येत नाही." मग दोन वर्षांत त्याने स्वतःची लाल गाडी उभी केली, नंबर सात. तिच्या फेऱ्या लिहायला त्याने नोलियाला बसवले. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

त्या काळी फेऱ्या मोजायला यंत्रे नव्हती. प्रत्येक गाडीसाठी ज्याने त्याने आपले माणूस द्यायचे. बहुतेक बायका असायच्या, बहिणी, आया. ट्रॅकच्या कडेला लाकडी मचाण होते, त्यावर आम्ही ओळीने बसायचो. समोर मोठे घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळ पाहायचे आणि कार्डावरच्या पुढच्या चौकोनात मिनिट-सेकंद लिहायचे. दोन-अडीच तास उठायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही. शर्यत संपली की कार्ड अधिकाऱ्यांकडे जायचे आणि कार्डावर जे असेल ते खरे धरले जायचे. सात वर्षांत माझी एकही फेरी चुकली नव्हती. मी तेव्हा दगडासारखी बसायचे.

त्या रविवारी दुपारी थर्मन पुढे होता आणि हार्लन त्याच्या मागे चिकटून. एक फेरी चोवीस-पंचवीस सेकंदांची. एकशे ऐंशीव्या फेरीच्या सुमारास हार्लन टायर बदलायला पिटमध्ये आला आणि गाडीच्या नाकाखालून वाफ निघाली. मी उभी राहिले. उभे राहायचे नसते, पण आत माझा नवरा होता. डॉइलने कुठली तरी नळी बदलली, गाडी सुटली, रेषेवरून गेली, मी बसले आणि वेळ लिहिली. आधीच्या वेळेत आणि या वेळेत एक्कावन्न सेकंदांचे अंतर होते. मला वाटले, उभी होते तेवढ्यात एक फेरी निसटली. मी मधोमध एक वेळ घातली. एक्कावन्नचे दोन तुकडे झाले, साडेपंचवीस आणि साडेपंचवीस.

ती चूक होती. इथपर्यंत ती चूकच होती.

दहा-बारा फेऱ्या गेल्यावर माझ्या ध्यानात आले की निसटले काहीच नव्हते. हार्लन पिटमध्ये उभा होता, म्हणून ती एकच फेरी एवढी लांबली होती. खोडरबर माझ्या मांडीवर होते. शंभराहून जास्त फेऱ्या बाकी होत्या. प्रत्येक फेरीला मी म्हणायचे, पुढच्या वेळी खोडते. खाली लाल गाडी पुढे दिसायची आणि कानात अंगणातले ते वाक्य ऐकू यायचे. मी खोडले नाही.

शेवटचा झेंडा थर्मनच्या गाडीवर पडला. हार्लन तिच्या मागे एका गाडीच्या अंतरावर होता. थर्मन छतावर चढून नाचला. मग अधिकाऱ्यांनी कार्डे मोजली. माझ्या कार्डावर हार्लनच्या तीनशे एक फेऱ्या, नोलियाच्या कार्डावर थर्मनच्या तीनशे.

"अहो, तो अख्खा वेळ माझ्या मागं होता!" थर्मन ओरडला. "त्याच्या तीनशे एक असतील तर माझ्यापण तीनशे एक असणार!"

अधिकाऱ्याने नोलियाच्या कार्डावर बोट ठेवले. तिथे एक फेरी एकोणपन्नास सेकंदांची होती. "पोरी, इथं तुझी एक फेरी सुटलीय."

"नाही सुटली. तेव्हा तो टायर बदलायला आत आला होता," नोलिया म्हणाली. ती रडत होती, पण बोलायची थांबली नाही. "आणि मग मिस ओझेलांच्या कार्डावर हार्लन आत आला ती फेरी कुठंय? बघा ना. तिथं सगळ्या चोवीस-पंचवीसच्याच आहेत. तो आत आला तेव्हा वेळ गेला नाही का?"

अधिकारी माझ्याकडे वळला. त्याला भूक लागली होती आणि घरी जायचे होते. "मिसेस स्टार्न्स?"

मी म्हणाले, "आमच्या डॉइलचा हात भराभर चालतो."

सगळे हसले. डॉइल सगळ्यात मोठ्याने हसला.

"तुमची खात्री आहे?"

"आहे."

एवढेच बोलले मी. त्यावर कप आमच्या घरी आला. त्या कपामुळे हिकरी गावच्या एका बॅटरी-विक्रेत्याने आमच्या गाडीवर आपले नाव लावले. त्यातून दुसरी गाडी झाली, ट्रक झाला, आम्ही मोठ्या शर्यतींना जाऊ लागलो. स्टार्न्स ब्रदर्सचा जो काही इतिहास लोक सांगतात त्याची सुरुवात त्या दुपारी आहे. पुढे लहान-मोठ्या बऱ्याच शर्यती आम्ही खऱ्याखुऱ्या जिंकलो. त्या कोणाला आठवत नाहीत.

मी पुन्हा मचाणावर चढले नाही. पाठ दुखते म्हणून सांगितले. आणि तेव्हापासून मला खुर्ची सहन होत नाही. चर्चमध्ये मी मागे उभी असते, लोकांना वाटते मी दार सांभाळते. हार्लनने माझे ते कार्ड अधिकाऱ्यांकडून मागून आणले, काचेत बसवले आणि वर्कशॉपच्या दाराशेजारी टांगले. पाहुणा आला की म्हणायचा, "ही शर्यत माझ्या बायकोनं जिंकली." त्याला कौतुक होते.

आज शुक्रवार. इथे थांबते.

शनिवार, चौदा ऑक्टोबर.

वरची पाने मी टेबलावर ठेवून कपडे वाळत घालायला गेले आणि रँडलने ती वाचली. मी परत आले तेव्हा तो उभा होता आणि लीटा दाराच्या चौकटीला टेकून मक्याचा पाव खात होती. जे बोलणे झाले ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे त्यांच्यात त्यावरून वाद नको.

"आई, ट्रकच्या दोन्ही बाजूंना काय रंगवलंय ते तुला माहीत आहे ना?" रँडल म्हणाला.

"माहीत आहे. 'एकाहत्तरचे विजेते.'"

"मग मी आता ते काय, खरवडून काढू?"

"मी काढते," लीटा म्हणाली. "ग्राइंडर आहे माझ्याकडं."

"तू गप गं. पन्नास वर्षं झाली, आई. थर्मन गेला, बाबा गेले. कोणाला काय पडलंय?"

"नोलिया आहे."

"तिला विचारलंस? तिला हवंय का हे? का तुला मोकळं व्हायचंय आणि निस्तरायचं आम्ही? तू जाशील. ट्रॅकवर दर शनिवारी मला उभं राहायचंय."

त्याचे बरोबर होते, निदान अर्धे.

मग त्याने हळू आवाजात विचारले, "बाबांना माहीत होतं?"

मला माहीत नाही. पिटमध्ये उभे राहिलेल्या माणसाला कळत असेल असे वाटते, आणि नसेलही. गाडीत बसले की त्याला पुढची गाडी सोडून काही दिसायचे नाही. एकोणनव्वद साली एकदा तो चष्मा लावून त्या काचेसमोर उभा होता. बोट एकेका ओळीवरून खाली जात होते. एका जागी थांबले. मी दारात होते. तो वळला, म्हणाला, "जेवायला काय आहे?" मी म्हणाले, "बीन्स." त्यानंतर पाहुण्यांना ते वाक्य सांगायचे त्याने सोडले. मी एवढेच सांगू शकते.

रँडल दार आपटून गेला. लीटाने उरलेला पाव तोंडात टाकला आणि म्हणाली, "चल, मी सोडते तुला."

"कुठं?"

"आई, तू मघापासून गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन फिरतेयस."

नोलिया शाळेच्या मागच्या बाजूला लहानशा पांढऱ्या घरात राहते. तीस वर्षे तिने त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात काम केले. माझ्या दोन्ही मुलांना तिनेच वाढले. बाजारात दिसली की मी दुसऱ्या बाजूने जायचे. ती व्हरांड्यात अक्रोडासारखी पिकानची फळे फोडत बसली होती.

"मिस ओझेला. वाट चुकलात का?"

"नाही. तुझ्याचकडं आले."

"मग बसा."

मी बसले नाही. पायरीवर उभी राहूनच सगळे सांगितले, मध्ये न थांबता. ती पिकान फोडत राहिली. संपल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. माझं कार्ड बरोबर होतं, म्हणजे तुमचं चूक होतं. त्यात काय कळायचंय? फक्त ते तुम्ही चुकून केलं की जाणून, ते माहीत नव्हतं."

मी म्हणाले, "आधी चुकून. मग जाणून."

तिने मान हलवली. हातातले पिकान खाली ठेवले. मग म्हणाली, "थर्मन माझ्याशी चार वर्षं बोलला नाही. एका टेबलावर जेवायचो आम्ही. मीठ हवं असलं तर आईला सांगायचा, हिला मीठ दे म्हणावं इकडं. मग बोलायला लागला, पण ते तसंच राहिलं मधे. अठ्ठ्याण्णव साली तो आजारी होता. शेवटच्या आठवड्यात मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल. म्हणाला, 'नोले, खरं सांग. त्या दिवशी तू बघत कुठं होतीस?'"

मी कठडा धरला.

"काय सांगितलं असेल मी त्याला?"

"खरं ते."

"नाही. मी म्हणाले, खाली एक देखणा पोरगा उभा होता, त्याच्याकडं बघत होते. फेरी सुटली माझी." तिने मांडीवरची टरफले झटकली. "त्याला उत्तर हवं होतं. त्याला ते सत्तावीस वर्षं टोचत होतं आणि मला माझं कार्ड बरोबर असून काय करायचं होतं? मी म्हणाले, चुकले रे. तो हसला. म्हणाला, 'वाटलंच मला. देखणा तरी होता ना?' दोन दिवसांनी गेला. म्हणजे बघा मिस ओझेला, शेवटी तुमचं खोटं मीच पुरं केलं."

मी म्हणाले की मृत्युपत्रात कप तिच्या नावे केला आहे.

"कप मला कशाला? तो थर्मनचा. त्याच्या पोराला द्या. मला ते कार्ड द्या, भिंतीवरचं. आणि तुम्ही मेल्यावर नको."

"सगळं त्यात लिहिलंय गं. वाचतील लोक."

"वाचतील. तुम्ही जमिनीखाली, आणि मी इथं. लोक मला येऊन विचारणार, आणि मी कोणाशी भांडू? तुमच्या थडग्याच्या दगडाशी?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "उद्या अग्निशमन केंद्रात जुन्या रेसवाल्यांचं जेवण आहे. तुम्हाला तोंड आहे तोवर तिथं बोला. मी येते. बावन्न वर्षांत मी त्या जेवणाला गेलेले नाही, पण उद्या येते."

रविवार.

शंभरेक माणसे होती. तळलेली कोंबडी, बीन्स, गोड चहा, तीन प्रकारची पुडिंगे. रँडल आला नव्हता. लीटाने भिंतीवरची काच काढून आणली होती. नोलिया मागच्या टेबलाशी एकटी, पर्स मांडीवर घेऊन.

मी उभी राहिले, उभीच होते. बोलले. मी नीट बोलले असे मला वाटले, पण पहिल्या टेबलावरून डॉइल ओरडला, "काय म्हणतेय ती? वहिनी, मोठ्यानं!" म्हणून ते सगळे मला दुसऱ्यांदा सांगावे लागले. पहिल्यांदा सांगणे सोपे होते.

मग जुन्या चालकांपैकी एकजण, स्वभावाने चांगला माणूस, म्हणाला, "जाऊ द्या हो मिस ओझेला. आम्ही सगळ्यांनीच काय काय केलंय त्या ट्रॅकवर. बसा, पुडिंग खा." लोक हसले. मला खरेच बसावेसे वाटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खुर्ची बरी दिसत होती.

"त्यांना बसवू नका," मागून नोलिया म्हणाली. "त्यांचं संपलेलं नाही अजून."

मग मी सांगितले की त्या दिवशी या मुलीने विचारले होते, हार्लन आत आला ती फेरी कार्डावर कुठे आहे, आणि तुम्ही सगळे हसलात. मी तुम्हाला हसवले. आता बघा. लीटाने काच टेबलावर ठेवली. नोलिया पुढे आली, तिने चष्मा लावला आणि कार्डावर बोट ठेवले. तिला शोधावे लागले नाही. "ही," ती म्हणाली. "ही आणि ही. या दोन नाहीत. ही एक आहे." माणसे उठून उठून बघायला आली. म्हातारी माणसे, काठ्या टेकत, एकामागोमाग. दोघा-तिघांनी तिच्यापुढे टोपी काढली. एका बाईने तिला विचारले, "तू नोलिया ना? लाल गाडीची?" ती म्हणाली, "हो. लाल गाडीची."

काच आता तिच्या घरी आहे.

डॉइल मात्र ताट अर्धे टाकून निघून गेला. बावन्न वर्षे त्याने प्रत्येक नव्या पोराला सांगितले होते की एकदा त्याने पिटमधून गाडी अशी काही काढली होती की घड्याळालाही कळले नाही. त्याचे मी काय घेतले ते माझ्या तोवर ध्यानात आले नव्हते. आज सोमवार; सकाळी तो अंगणात आला. घरात आला नाही.

"वहिनी, एक्कावन्न सेकंद लागले होते ना? अख्ख्या फेरीला?"

"हो."

"त्यात दोन टायर आणि रेडिएटरची नळी. तापलेली. हात भाजला होता माझा." त्याने तळहात उलटा करून पाहिला. "तेपण काही वाईट नव्हतं."

"नव्हतंच डॉइल. त्या दिवशी तसा हात कोणाचाच चालला नाही."

"मग तसं म्हणायचं होतंस की गं," तो म्हणाला आणि गेला. हे खरे आहे आणि ते मी इथे नोंदवते.

बुधवार, अठरा ऑक्टोबर.

वरील घटना लक्षात घेऊन पुढील बदल करते.

कलम ६ रद्द. त्याऐवजी: कप थर्मन गॅडी यांचा मुलगा लाइल याला. कोरलेले नाव बदलायचे की तसेच ठेवायचे ते त्याने ठरवावे. श्रीमती नोलिया प्रुइट यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्यांना काही नको आहे, आणि हे त्यांनी मला तीनदा सांगितले आहे.

कलम ३ मध्ये मी काहीही बदलत नाही. रँडल शनिवारपासून माझ्याशी बोललेला नाही. ट्रकच्या दोन्ही बाजूंना त्याने ताडपत्री बांधली आहे. तिच्याखाली त्याने काही केले आहे की नाही, मी वाकून पाहिलेले नाही. नंबर त्याचा आहे. तो बोलला तरी त्याचा, न बोलला तरी त्याचा.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लीटाने करावी. घाई करू नये.

कलम ८. मी गुरुवारी वाचले तर हे सगळे तसेच राहील आणि मी लोकांच्या डोळ्यांसमोर राहीन. त्याची मला झडपेपेक्षा जास्त धास्ती वाटते. पण ते कोणाला देता येण्यासारखे नाही, म्हणून माझ्याकडेच ठेवते.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले आहे. हे माझेच शब्द आहेत आणि खालची सही माझीच आहे.

ओझेला मेब्री स्टार्न्स
ब्रशी फोर्क, हार्नेल काउंटी
१८ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार पहिला: एनिस लाउडर, शेजारी, निवृत्त शाळा-बसचालक. ओझेला स्टार्न्स यांनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीवर आहेत. सही करताना उभ्या होत्या.

साक्षीदार दुसरी: मी, नोलिया गॅडी प्रुइट, वय एकाहत्तर. मिस्टर काँबी म्हणाले की ज्याला काही मिळत नाही त्यालाच साक्षीदार होता येते, म्हणून मला बोलावले. यांनी सही केली ते मी पाहिले. आत काय लिहिले आहे त्याची हमी मी देत नाही. आमचे सख्य झाले असे कोणी समजू नये. उद्या सकाळी साडेपाचला लीटा मिस ओझेलांना इस्पितळात नेणार आहे आणि मी मागच्या सीटवर असेन. यांनी विचारले, आणि मला दुसरे काम नव्हते.